मेणाचे सात ठिपके

अल-अन्फूशी, अलेक्झांड्रिया
११ नोव्हेंबर

राविया,

फोनवर माझा आवाज ऐकलास की तू फोन कापतेस. दोन वर्षांत माझं एक वाक्य पुरं झालेलं नाही. म्हणून कागद. कागदही फाडता येतो, पण फाडण्याआधी माणूस दोन ओळी वाचतोच. मी दुकानदार माणूस, त्या दोन ओळींतच माल मांडतो: तुझा नर समुद्रघोडा काल पहाटे व्याला.

अजान चालू होती. मागच्या खोलीत गेलो तर तो दोरीला शेपटीचा विळखा घालून कमरेत वाकत होता, तुझ्या वेळी तुझी आई पलंगाचा दांडा धरून वाकायची तसा. दर कळेला पिशवीचं तोंड उघडायचं आणि शिंक आल्यासारखी पाच-दहा पिल्लं बाहेर. मादी शेजारी आरामात. मी तिला म्हटलं, बाई, तुझं बरं आहे.

एकशे तीसपर्यंत मोजली, मग डोळ्यांनी हात टेकले. तुझ्या तिन्ही गोल बरण्या माळ्यावरून काढल्या, सात पाण्यांनी धुतल्या, साबण लावला नाही. बघ, तू बडबडायचीस तेव्हा मी ऐकत होतो. जुनी जोडी दोन वर्षं मीच सांभाळली. ती दोघं कोळंबी गिळताना टक् असा आवाज करतात. स्क्रूड्रायव्हरचं टोक काचेला आणि मूठ कानाला लावतो, कॉम्प्रेसर ऐकतो तसा, आणि कोण जेवलं कोण नाही ते सांगतो.

मागच्या खेपेचं मी काढत नाही. दोनशे पिल्लं आठव्या दिवशी सकाळी तळाशी पडली, तुझा संसारही त्याच आठवड्यात गेला. आदल्या दिवशी मी दुकानात होतो, तुला माहीतच आहे. नंतर मी कापडवाल्याचं स्थळ घाईने आणलं ही माझी चूक. तीन महिने तरी थांबायला हवं होतं.

पिल्लांना काय घालू ते कळव. आणि घरी ये. एवढंच मागणं आहे, बाकी सगळी प्रस्तावना.

पत्र सफागाच्या बसचा ड्रायव्हर आणून देईल. त्याच्या गाडीचा एसी मी उन्हाळ्यात दुरुस्त केलाय, तो नाही म्हणू शकत नाही.

तुझा बाप,
बद्रान

१५ नोव्हेंबर

राविया,

तुझं उत्तर दौलत आत्याच्या फोनवर आलं. तुझी आत्या तिसऱ्या मजल्यावर राहते आणि तिला चष्म्याशिवाय वाचता येत नाही; पण आवाजाला चष्मा लागत नाही. बाल्कनीतून वाकून तिने गल्लीभर ऐकवलं: "पाण्यावर साय धरू देऊ नका. दिवसातून पाच वेळा खाणं द्या. तुम्हाला जमणार नाही. चाळीस दिवस जगली तर बघायला येईन."

खालून कॉफीवाला ओरडला, "कोण जगलं तर?"

"ह्याची नातवंडं!" दौलत म्हणाली. सगळी गल्ली हसली. मीही हसलो, हसावं लागतं.

चाळीस दिवस, म्हणजे वीस डिसेंबर. ठरलं. मी आयुष्यभर घासाघीस केली, पण या आकड्यावर करत नाही. तू "येईन" लिहिलंस, तो शब्द मी दौलतकडून पुन्हा तीनदा वाचून घेतला.

आता खरं सांगतो, मरतायत. वर येतात, हवा गिळतात, मग बाटलीच्या बुचासारखी तरंगत राहतात आणि खाली जाता येत नाही म्हणून उपाशी मरतात. आज अठ्ठ्याऐंशी. अठराव्या वर्षी मासळीबाजारात बर्फाच्या लाद्या वाहणारा मी, आज माझी तीन दुकानं आहेत. पण नखाएवढ्या जिवाला पाण्याखाली ठेवणं मला जमत नाही.

म्हणून एक माहितगार माणूस आणलाय. नाव विचारू नकोस.

बद्रान

१८ नोव्हेंबर

राविया,

काल सातवा दिवस गेला. त्र्याऐंशी. तीन दिवसांत फक्त पाच गेली.

काल सकाळी दौलत दारात. काखेत पितळी खलबत्ता, हातात मीठ, उदाची पुडी.

"सुबूअ नाही करायचा?" म्हणाली. "लेकराचा सातवा दिवस आहे. माणसाचं नाही म्हणून काय झालं? नजर तर लागतेच. मेणबत्त्या लाव, ऊद फिरव, मी खलबत्ता वाजवते."

मी तिच्यावर असा ओरडलो की समोरच्या घरातल्या बायका खिडकीत आल्या. ऊद घेऊन या मजल्यावर पाऊल टाकलंस तर जिन्यावरून लोटून देईन म्हणालो. सख्ख्या बहिणीला!

तिने खलबत्ता दुसऱ्या काखेत घेतला. मग म्हणाली, "मागे कुणा गिऱ्हाइकाच्या नातवासाठी माझाच खलबत्ता नेलास, ऊद नेलास, तेव्हा बरा चालला सुबूअ?" आणि गेली. बायकांना नको ते बरं आठवतं. ते सोड.

माहितगाराचं नाव तू ओळखलं असशीलच. रजब. दुसरं कोण होतं? पहिली जोडी त्याच्याच जाळ्यात अडकून आली होती आणि तीच घेऊन तो आपल्या दारात आला होता. आधी घोडे आले, मग जावई.

अल-मक्सच्या कालव्याकाठी जाळं शिवत बसला होता. मला पाहून म्हणाला, "उस्ता बद्रान! कुणाचा फ्रीज बिघडला?"

"माझं नशीब बिघडलंय. पिल्लं झालीत. मरतायत."

सुई खाली ठेवली. "किती उरलीत?"

"अठ्ठ्याऐंशी."

"दिवा वरून लावलाय?"

"मग काय खालून लावू? दिवा आहे, शेगडी नाही."

"बाजूने लावायचा. वरून लावला की उजेडाकडे जातात आणि हवा पितात." तो चपला घालू लागला.

मी म्हटलं, "रजब, त्या मागच्या गोष्टीबद्दल..."

"उस्ता, अठ्ठ्याऐंशी म्हणालात ना? बोलत बसलो तर ऐंशी होतील."

सिगारेट सोडलीय त्याने. दोन वर्षं झाली. का, असं मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. रोज सकाळी येतो, कोपरापर्यंत हात धुतो, दिवा हलवतो, कागदाने पाण्यावरची साय टिपून घेतो. तू करायचीस तस्साच. निघताना मोठ्या टाकीपुढे थोडा उभा राहतो. मादी सकाळी नराकडे येते, दोघं रंग उजळतात, शेपटीत शेपटी घालून फिरतात. ते बघतो आणि जातो.

त्याच्यावर रागावू नकोस. म्हणजे, रागव. पण पिल्लांसाठी चालवून घे.

बद्रान

१ डिसेंबर

राविया,

तुझा निरोप मिळाला: "त्याला बरण्यांजवळ फिरकू देऊ नका." मी तो त्याला सांगणार नव्हतो, पण दौलत वरून वाचते आणि तो नेमका खाली दारात उभा होता. मान वर करून ऐकलं. मला म्हणाला, "बरोबर आहे तिचं." वर आला आणि हात पुन्हा धुतले. त्या दिवशी तीनदा धुतले.

आज एकविसावा दिवस. सेहेचाळीस. गेलेल्यांपैकी सहा मी मारली, हे सरळ कबूल करतो. आर्टेमियाच्या अंड्यांचा नवा डबा निम्म्या किमतीत मिळाला म्हणून उचलला. तुला माहीत आहे, अंडी खाऱ्या पाण्यात घातली की दुसऱ्या दिवशी केशरी धुळीसारखी जिवंत कोळंबी वळवळायला लागते. या डब्यातून काहीच निघालं नाही. मेलेली अंडी. लोकांना जन्मभर सांगत आलो की स्वस्तातला गॅस भरून घेऊ नका, आणि स्वतः!

कैरोहून चांगला डबा यायला पाच दिवस. पिल्लं दोन दिवसही उपाशी राहत नाहीत. आता ती शेपटी धरायला लागलीत, राविया. मी नायलॉनचे धागे सोडलेत, त्यांना विळखे घालून उभी असतात, प्रश्नचिन्हांसारखी. भुकेने विळखा सुटतो. सुटला की गेलं.

रजब म्हणतो, अल-मक्सच्या धक्क्यामागे निवांत पाण्यात बारीक जिवंत जीव मिळतात, दाट कापडाची जाळी घेऊन गेलं की बादलीभर येतात. मी म्हटलं, मग बसलायस काय?

एकोणीस दिवस राहिले. पलंगावर नवी चादर घातलीय, तुझ्या खोलीत.

बद्रान

६ डिसेंबर

राविया,

खाणं मिळालं. पिल्लं ठीक आहेत. अडतीस.

दर डिसेंबरात येतं ते कासिमचं वादळ चालू आहे, खिडक्या बंद, वीज जाते-येते, पंपाला बॅटरी जोडलीय. रजब सध्या येत नाही. मी एकटा निभावतो, काळजी नको.

कैरोचा डबा आला, अंडी फुटतात.

चौदा दिवस राहिले.

बद्रान

१९ डिसेंबर

राविया,

हे पत्र बसने पाठवत नाहीये. दौलतचा मुलगा उद्या माल घेऊन तिकडे येतोय, तो हातात देईल आणि तू वाचेपर्यंत उभा राहील, असं त्याला बजावलंय.

रजब गेला. तीन डिसेंबरला सकाळी, अल-मक्सच्या धक्क्यावर. सहा तारखेला मी तुला लिहिलं तेव्हा त्याला पुरून एक दिवस झाला होता.

क्रमाने सांगतो, नाहीतर मी पुन्हा पळवाट काढीन.

दोन तारखेला त्याने पहिली बादली आणली. पिल्लांनी अशी झडप घातली की स्क्रूड्रायव्हरचं टोक बरणीला लावून मूठ कानाशी धरून बसलो तर मला वाटलं, टक् टक् ऐकू येतंय. एवढ्याशा तोंडांचा आवाज येत नाही, मला माहीत आहे. पण वाटलं. मी खुशीत होतो. चहा केला. तो कप हातात घेऊन त्या लाकडी फळीला टेकून उभा होता, जिच्यावर बरण्या असतात. फळीवरून बोट फिरवत म्हणाला, "उस्ता, एक विचारू? मेणबत्त्या कुठल्या दुकानातल्या होत्या?"

"कसल्या मेणबत्त्या?"

"इथे मेणाचे सात ठिपके होते. एका ओळीत, सारख्या अंतरावर. त्या सकाळी तुम्ही सगळे बरण्यांकडे बघत होता, मी फळीकडे बघत होतो. ती तोंड धुवायला गेली तेव्हा ब्लेडने खरवडले मी."

मी चहात पुन्हा साखर घातली.

आता तुला सांगतो, जे त्याला सांगायची गरजच उरली नव्हती. त्या सातव्या दिवशी तू आणि रजब लग्नाला कफ्र अद-दव्वारला गेला होतात. मी दुकानात नव्हतो. दुपारीच कुलूप घातलं होतं. तुमच्या लग्नाला चार वर्षं झाली होती, घरात पाळणा हलला नव्हता आणि लोक मला विचारायचे. मला वाटलं, ही दोनशे आहेत, यांचा तरी सुबूअ करावा. गंमत म्हणून, आणि गंमत म्हणून नाही. फळीवर सात मेणबत्त्या लावल्या. मीठ टाकलं. बरण्यांभोवती ऊद सात वेळा फिरवला. खलबत्ता हळूच वाजवला आणि बायका म्हणतात तसं म्हटलं, आईचं ऐका, बापाचं ऐकू नका. मग आठवलं की यांना बापानेच जन्म दिलाय, म्हणून उलटं म्हटलं, आणि एकटाच हसलो. धुपाटणं खाली ठेवलं. हवेच्या पंपाशेजारी.

पंपाचा सूर जड झालेला मला ऐकू आला होता, राविया. मला वाटलं, गाळणी तुंबली असेल. तासभर तो धूर ओढत होता आणि बुडबुड्यांतून पिल्लांना पाजत होता. मग मी खिडक्या उघडल्या, सगळं आवरलं, खलबत्ता परत केला आणि तुम्ही परतल्यावर रात्री दुकानातून आल्यासारखा घरी आलो.

सकाळी तू पाणी हुंगलंस आणि म्हणालीस, "धूर." ऊद की तंबाखू, पाण्याला काय कळतं? तू रजबकडे बघितलंस. तो म्हणाला, "मी खोलीत ओढत नाही, तुला माहीत आहे." तुझा विश्वास बसत होता, मी तुझा चेहरा बघत होतो. आणि मी म्हणालो, "काल रात्री दुकानातून आलो तेव्हा हा पंपाजवळच्या खिडकीत ओढत उभा होता."

मी म्हणालो. कुणी विचारलं नव्हतं.

रजबला मी त्या दिवशी, चहाच्या वेळी, एवढंच विचारू शकलो, "का बोलला नाहीस?"

"नवरा तिला दुसरा मिळाला असता," म्हणाला. "बाप कुठून आणणार होती?" मग त्याला हसू आलं. "शिवाय मला वाटलं, दोन दिवसांत तुम्हीच सांगाल. बोलण्यात तुम्ही कधी कमी पडत नाही, उस्ता."

मी त्याला शब्द दिला. चाळिसाव्या दिवशी तू आलीस की दारातच सांगेन, आत यायच्या आधी. तो म्हणाला, "आत आल्यावर सांगा. आधी पिल्लं बघू दे तिला."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं व्हॅन घेऊन धक्क्यावर गेलो. कासिम चार तारखेला येतो हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. या वर्षी समुद्र आदल्या दिवशीच फुगला होता. रजबने बघितलं, म्हणाला, एकच बादली काढतो. ती काढली, झाकण बांधून वरच्या दगडावर ठेवली. मी व्हॅनच्या खिडकीतून ओरडलो, "एकीने काय होतंय? कासिम आठवडाभर बसेल. आणखी एक घे!"

"हुकूम, उस्ता!" म्हणाला आणि पुन्हा खाली उतरला.

मी काच वर केली. थंडी होती. गाडीचा हीटर सुरू केला. ज्या माणसाला तीन मजले वरून फ्रीजच्या पंख्याचा बिघाड ऐकू येतो, त्याला हीटरच्या आवाजात काही ऐकू आलं नाही. काच पुसून बघितलं तर दगडावर नुसती बादली होती.

कोळी धावले. दोन तास शोधलं, मग लाटांनी त्यांनाही मागे रेटलं. दोन दिवसांनी तो अगमीच्या किनाऱ्याला लागला.

याहून वाईट दोन गोष्टी आहेत आणि त्या लिहायलाच मी बसलोय. पहिली, पाण्याकडे बघत उभा असताना माझ्या डोक्यात आलं, आता हे कुणालाच माहीत नाही. ओरडत होतो, केस उपटत होतो, आणि आत हे आलं. मी आणलं नाही, पण आल्यावर हाकललंही नाही. तेरा दिवस जवळ बाळगलं. सहा तारखेचं पत्र त्या विचारानेच लिहिलंय.

दुसरी, मी बादली घेऊन आधी घरी आलो. पिल्लांना खाणं घातलं. तिन्ही बरण्यांना, नीट मोजून, साय टिपून. मग त्याच्या आईकडे गेलो.

सोळा तारखेला पुन्हा त्या माउलीकडे गेलो होतो. तिने मला शेजारी बसवून घेतलं, म्हणाली, "तुमच्याकडे जायला लागल्यापासून माझा रजब पुन्हा हसायला लागला होता. अल्ला तुमचं भलं करो." मग तिने त्याची दुसरी जाळी माझ्या हातात दिली. स्वतःची ओढणी कापून शिवून दिली होती तिने त्याला. "पिल्लांना लागेल," म्हणाली. घरात ऊद जळत होता. कुराण चालू होतं, मी तासभर बसलो.

परत आलो, मागच्या खोलीच्या कडीला हात लावला आणि माझ्या अंगातल्या पायघोळ गलाबियाचा वास मला आला. उदाचा. तसाच मागे फिरलो. जिन्यात कपडे काढले. दौलतला हाक मारली, ती पाणी घेऊन उतरली आणि काही न विचारता ओतत राहिली. डिसेंबरात, जिन्यात, एकसष्ट वर्षांचा माणूस. तीन वेळा साबण लावला. वास जाईना. दाढीत होता.

दौलत म्हणाली, "बद्रान, त्या वेळी खलबत्ता परत केलास तेव्हा तळाशी मेण होतं. मी काही बोलले नाही. मला वाटलं, तू सांगशील."

म्हणजे दोघांनाही वाटलं होतं, मी सांगेन. माझ्याबद्दल लोकांचं इतकं चांगलं मत आहे हे मला माहीत नव्हतं.

त्या दिवसापासून खोलीत मी जात नाही. दौलत खाणं घालते. मी बाहेर खुर्ची टाकून तिला काय करायचं ते सांगतो, ती चुकत नाही.

उद्या चाळिसावा. बावीस आहेत. सगळी विळखा घालून उभी, सगळी जेवतात. तुझा शब्द तू पाळायला हवास असं मी म्हणणार नाही. बावीस आहेत एवढं खरं आहे, दौलतला फोन करून विचार, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस.

आलीस तर आधी अल-मक्सला उतर. त्याच्या आईला कुणीतरी सांगायला हवं की तिचा मुलगा खोटं बोलला नव्हता. मी सांगायला गेलो होतो. तिने मला खजूर दिले आणि मी खाल्ले.

मग इकडे ये. किल्ली दौलतकडे आहे, ती टोपलीतून खाली सोडेल. दिवा बाजूने लावलेला आहे, तो हलवू नकोस. जाळी दाराच्या खिळ्याला टांगलीय.

मी घरी नसेन. दुकानात असेन. या वेळी खरंच दुकानात असेन.

बद्रान